तिसऱ्या मजल्याचं दार

कॉलेजात तिला सगळ्या पोहोचताई म्हणायच्या. कुठलाही कागद दिला की ती पोहोच मागायची. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. एकदा तिने खाणावळीच्या बाईंना डब्याची तक्रार लेखी दिली आणि त्यांचीही सही घेतली. बाई म्हणाल्या, "अगं, भाजीत मीठ जास्त झालं याची पण पोहोच?" ती म्हणाली, "उद्या तुम्ही म्हणाल, सांगितलंच नव्हतं."

घरी तिला वेगळं नाव होतं. तिचे वडील लिफ्टचे मिस्त्री. ते तिला फोरमन म्हणायचे. लहानपणी ती त्यांच्या हत्यारांच्या पेटीजवळ बसून पाने मोजायची. एक जरी कमी भरला तरी कुणाला जेवायला उठू द्यायची नाही.

मी तिच्या खोलीतली मैत्रीण. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मी त्याच कॉलेजातून साहित्याची पदवी घेतली आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं आहे. तिने दोन तारखा दुरुस्त केल्या. बाकी काही बोलली नाही.

त्या वर्षी कॉलेजने पहिल्यांदाच विद्यार्थिनी सप्ताह ठरवला. कायदा शिकणाऱ्या मुलींसाठी सोमवार ते शुक्रवार. समन्वयक म्हणून तिला नेमलं. नेमणुकीचं पत्र तिने मागून घेतलं, हे सांगायला नकोच.

सूचनाफलकासाठी यादी मी लिहिली, कारण माझं अक्षर बरं आहे. वर मथळा, "आगामी कार्यक्रम आणि संधी". सोमवारी फक्त मुलींचं मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला. मंगळवारी अर्ज आणि दावे लिहिण्याची कार्यशाळा. बुधवारी महिला कारागृहाला भेट, गुरुवारी दोन ज्येष्ठ वकील बाईंशी गप्पा. आणि शुक्रवारी मुलाखती. त्या शुक्रवारसाठीच बाकीचे चार दिवस होते, असं म्हटलं तरी चालेल. वरिष्ठ न्यायालयातल्या एका न्यायाधीश बाईंच्या कार्यालयात वर्षभर काम शिकायच्या दोन जागा होत्या. विधी साहाय्य केंद्रात तीन होत्या. आजवर अशा जागा ओळखीने भरायच्या, आणि ओळखी मुलांच्या असायच्या. मुलींना कळायचं तेव्हा तिथे कुणाचं तरी टेबल लागलेलंही असायचं. या वेळी न्यायाधीश बाई स्वतः येणार होत्या. त्रेचाळीस मुलींनी नावं दिली.

त्रेचाळीसमध्ये एक नाव तिचं होतं. तिला ती जागा हवी होती. तिने मला तसं एकदाच सांगितलं, दात घासताना, आरशात बघून. "ती मिळाली तर बाबांना लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायला लागणार नाही." मग चूळ भरली.

मुलाखती पाचव्या मजल्यावरच्या सभागृहात होत्या. इमारतीत मोठी खोली तेवढीच. न्यायाधीश बाईंचे गुडघे दुखायचे. त्यांच्या कार्यालयातून आधीच विचारणा आली होती, लिफ्ट आहे ना. लिफ्ट होती.

जुनी लिफ्ट होती ती. प्रत्येक मजल्यावर बाहेरून एक लाकडी दार, त्याला पितळी मूठ आणि डोळ्यांच्या उंचीवर वितीएवढी काच. काचेतून दिसायचं, आत लिफ्ट आली आहे की नुसता काळोख आहे. आत सरकती जाळी. लिफ्ट मजल्यावर नसेल तर बाहेरचं दार उघडताच येऊ नये, म्हणून चौकटीत एक कुलूप असतं. हे तिने मला समजावलं. मी तीन वर्षं त्या लिफ्टने गेले होते आणि मला वाटायचं, दार म्हणजे दार.

सप्ताहाच्या तीन आठवडे आधी आम्ही दोघी सभागृहात खुर्च्या मोजायला गेलो. परत निघताना तिने सवयीने काचेतून पाहिलं. लिफ्ट नव्हती. तिने मूठ किंचित वर उचलून ओढली.

दार उघडलं.

आत काही नव्हतं. दोन दोर होते, तेलकट. खालून गार हवा आली. तिने एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्याने दार लावलं. पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं.

"कुलूप गेलंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या वडिलांसारखा झाला होता. "शुक्रवारी इथे त्रेचाळीस मुली उभ्या असतील. सगळ्यांचं डोकं कागदात."

तिने खाली येत येत प्रत्येक दार तपासलं. चौथ्याचं उघडलं नाही. तिसऱ्याचं दोनदा ओढलं, नाही उघडलं. तिसऱ्याच्या मुठीला एक फडकं बांधलेलं होतं. ते तिने सोडलं, आणि ओढून झाल्यावर पुन्हा बांधलं. दुसऱ्याचं नाही, पहिल्याचं नाही.

ते फडकं मावशींचं होतं. मावशी म्हणजे सफाईचं आणि चहाचं बघणाऱ्या. एकोणीस वर्षं त्या इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर त्यांची चहाची खोली. सगळ्या मुलींना त्या वकीलसाहेब म्हणायच्या, पहिल्या वर्षाच्या पोरींनासुद्धा.

"वकीलसाहेब, माझं फडकं का सोडलंत?"

"तुम्ही का बांधलंय ते सांगा आधी."

"उलटतपासणी मलाच होय?" मावशी हसल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ते उघडतं. दार उघडतं नि आत नुसता वारा असतो."

"मी दोनदा ओढलं. नाही उघडलं."

"तुमच्यासमोर नाही उघडणार. दाराला माणसं कळतात. चार दिवस गप बसेल, पाचव्या दिवशी हात लावला की उघडं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? सांगितलं की म्हणतील, मावशी, जिन्याने जा. चाळीस कप घेऊन पाचव्या मजल्यावर? म्हणून फडकं. ते दिसलं की मला आठवतं, आधी काचेतून बघायचं."

त्याच दिवशी ती अधीक्षकांकडे गेली. मीही बरोबर होते. अधीक्षक म्हणजे इमारतीचे, फर्निचरचे, शिपायांचे, सगळ्याचे. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली जुन्या सूचना.

"ताई, एका दाराचं असेल तर माणूस बोलावतो," ते म्हणाले. "उद्या बोलावतो. पण सगळ्या लिफ्टचं म्हणाल, तर मला लिफ्ट बंद करावी लागेल. मग परवानगी, मग तपासणी, तीन महिने. मग तुमच्या पाहुण्या बाई पाचव्या मजल्यावर कशा चढणार? उचलून नेणार का?"

तिने काचेखालच्या सूचनांवरून नजर फिरवली.

"म्हणजे कार्यक्रम रद्द. मी नाही म्हणत, नियम म्हणतो. तुम्ही तर कायद्याच्या. नीट विचार करून लेखी द्या. जेवढं आहे तेवढंच द्या."

संध्याकाळी तिने अर्ज लिहिला. भाषा नीट आहे का बघ म्हणाली. मी वाचला. तिसरा परिच्छेद असा होता, "तिसऱ्या मजल्यावरील दारही कधी कधी असेच उघडते, असे चहाचे काम पाहणाऱ्या मावशी सांगतात." मी म्हटलं, इथे त्यांचेच शब्द घाल. आत नुसता वारा असतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

"अर्ज आहे, कविता नाही," ती म्हणाली.

मग ती बराच वेळ त्या परिच्छेदाकडे बघत बसली. टोपण लावलेलं पेन कागदावर आपटत होती.

"हे ऐकीव आहे," ती म्हणाली. "मी स्वतः तपासलं, नाही उघडलं. मावशी म्हणतात उघडतं. उद्या ते मला विचारतील, तुम्ही पाहिलंत का? मी काय सांगू? पाहिलं नाही, ऐकलं. मग पाचव्याचं जे पाहिलंय तेही कच्चं पडेल."

"पण मावशी खोटं कशाला बोलतील?"

"खोटं नाही म्हणत मी. सिद्ध करता येत नाही म्हणते." तिने टोपण काढलं. "सप्ताह होऊ दे. मग सगळ्या दारांचा वेगळा अर्ज करते. वडिलांना आणून तपासून घेते."

तिने तिसऱ्या परिच्छेदावर एक सरळ रेघ मारली. पट्टी धरून. त्रेचाळीस मुलींचा शुक्रवार तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिचा स्वतःचाही. तिने मला हे नंतर सांगितलं, मी न विचारता. मला मात्र त्या वेळी तो अर्ज आवडला. छोटा होता. एकही शब्द फालतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी आवक खिडकीत दिला. खिडकीतले काका म्हणाले, "या पोहोचताई, शिक्का तयारच ठेवलाय." शिक्का बसला. तिने प्रत घडी करून फाइलीत ठेवली आणि मला म्हणाली, "झालं." त्या शब्दात किती हायसं वाटणं होतं, ते मला अजून ऐकू येतं. तिला खरंच वाटलं की काम झालं. कागद आत गेला, शिक्का मिळाला, म्हणजे आता कुणीतरी जबाबदार आहे. त्या कॉलेजात सगळ्यांना तेच शिकवतात.

रात्री तिने वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "फोरमन, एक कुलूप गेलं की मी सगळी बदलतो. एकाच दिवशी बसवलेली असतात ती." ती म्हणाली, "हो बाबा, सप्ताहानंतर."

अधीक्षकांनी शब्द पाळला. माणूस आला. त्याने पाचव्या मजल्याचं कुलूप बदललं, दार चार वेळा ओढून दाखवलं आणि गेला. बाकीच्या दारांकडे त्याने पाहिलंही नाही. त्याला पाचव्याचंच काम सांगितलं होतं.

सप्ताहाच्या आदल्या शनिवारी मी फलक रंगवायला गेले होते. अधीक्षक म्हणाले, "तुमचं अक्षर छान आहे. एक सूचना लिहून द्या. सहा प्रती. पाहुण्या येणार, लोकांच्या मनात शंका नको." त्यांनी मजकूर सांगितला, "लिफ्ट दुरुस्त करण्यात आली आहे." मला ते कोरडं वाटलं. मी पुढे एक वाक्य जोडलं. "निर्धास्त वापर करावा."

त्यांना आवडलं. लाकडावर चिकटपट्टी टिकत नव्हती, तेल होतं. म्हणून शिपाईमामांनी आणि मी त्या सहा सूचना काचांवर लावल्या. काचेवर छान बसल्या. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत, प्रत्येक दारावर एक.

तिसऱ्या मजल्यावर मावशी बघत उभ्या होत्या. "सगळी दुरुस्त झाली होय?" त्यांनी विचारलं.

शिपाईमामा म्हणाले, "वाचा की. लिहिलंय."

"मला कुठे येतं वाचता. तुम्ही सांगा."

मी वाचून दाखवलं. मावशींनी फडकं सोडलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. "बरं झालं बाई," म्हणाल्या. "एकदाचा जीव भांड्यात पडला."

ती तिथे नव्हती. ती त्या दिवशी कारागृहाची परवानगी आणायला गेली होती. असती तर काय झालं असतं, हा विचार मी रोज करते. हे लिहीपर्यंत तिला तो बोलून दाखवला नव्हता.

सप्ताह सुरू झाला. सोमवारी मूट कोर्ट झालं. एक लाजरी मुलगी असा युक्तिवाद करून गेली की परीक्षक टाळ्या वाजवायला लागले आणि मग आपण न्यायाधीश आहोत हे आठवून थांबले. बुधवारी कारागृहातून मुली गप्प परत आल्या. बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. रोज ती सकाळी पाचव्या मजल्यावरचं दार ओढून बघायची. रोज ते बंद असायचं. त्या घाईत ती लिफ्टची वाट बघायची नाही, जिन्याने धावायची. त्यामुळे खालच्या मजल्यांवरच्या सूचना तिने पाहिल्या त्या लांबूनच. फडकं नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिच्या डोक्यात त्या आठवड्यात शंभर गोष्टी होत्या. तिची बाजू सावरायला मी हे लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहिते.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून नोंदणीच्या टेबलावर बसले. दहाला न्यायाधीश बाई आल्या. काठी होती, चेहरा हसरा होता. लिफ्टने वर आल्या. अधीक्षकांनी शिपाईमामांना सांगितलं, "बाई परत निघेपर्यंत लिफ्ट इथेच उभी ठेवायची. जाळी उघडी ठेव, म्हणजे कुणी खाली बोलावणार नाही."

मुली पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसल्या होत्या. एकीने दुसरीला विचारलं, "माझे केस वकिलासारखे दिसतायत का?" दुसरी म्हणाली, "आरोपीसारखे दिसतायत." सगळ्या हसल्या. सतरावं नाव तिचं होतं. पावणेबाराला पुकारा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, फाइल छातीशी धरली आणि आत गेली. सभागृहाचं जड दार लागलं.

आधी कपांचा आवाज आला. खूप कपांचा, एकदम. मग एक जड आवाज. मग काही नाही.

शिपाईमामा लिफ्टच्या बाजूच्या फटीतून खाली वाकून बघत होते. ते सरळ झाले आणि जिन्याकडे धावले.

मावशी नेहमी पाठमोऱ्या लिफ्टमध्ये जायच्या. कपांची गाडी पुढून ढकलली की चाकं उंबऱ्याच्या फटीत अडकायची. म्हणून आधी आपण, मग गाडी, ओढत. त्यांनी बटण दाबलं असेल. लिफ्ट येईना. त्यांनी मूठ उचलली असेल, आणि दार उघडलं. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली. दुरुस्त झाली होती ना. काचेतून बघायची त्यांची सवय होती. पण काचेवर माझं अक्षर होतं.

मी तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा दार उघडंच होतं. गाडी उंबऱ्यावर तिरकी अडकली होती, पुढची दोन चाकं हवेत. एक चाक अजून फिरत होतं.

दहा मिनिटांनी ती मुलाखतीतून बाहेर आली. हसत होती. रांग मोडलेली, खुर्च्या रिकाम्या. तिने कुणाला तरी सांगायला सुरुवात केली, "मला विचारलं, साक्षीदार खरं बोलतोय हे कसं ओळखाल..." मग तिने जिन्यावरून येणारा आवाज ऐकला. ती धावत खाली आली. दाराकडे पाहिलं. काचेवरची सूचना वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"फडकं कुठे आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

मावशी रुग्णालयात पोचायच्या आधीच गेल्या. दीड वाजता मुलाखती पुन्हा सुरू झाल्या. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, मुलींचं नुकसान नको. न्यायाधीश बाईंना एवढंच सांगितलं होतं की खाली एक कर्मचारी पडली. त्यांनी पाणी मागितलं. पाणी द्यायला कुणी नव्हतं.

त्या रात्री तिने वडिलांना फोन केला. मी शेजारी होते. तिने घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, "तिसऱ्याचं तू बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं."

"किती वेळा ओढलंस?"

"दोनदा."

"आम्ही वीस वेळा ओढतो गं," ते म्हणाले. रागाने नाही. ते तसे म्हणाले म्हणून तर तिने फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली म्हणजे आडवी झाली.

सोमवारी कॉलेजच्या फलकावर शोकसंदेश लागला. अपघात दुर्दैवी, तिसऱ्या मजल्यावरील दोषाची कुणालाही कल्पना नव्हती. पाचव्या मजल्याची तक्रार येताच तत्परतेने दुरुस्ती केली होती, असंही खाली होतं. तिचा अर्ज त्यांनी पुरावा म्हणून वापरला. तिनेच मागून घेतलेला शिक्का.

बुधवारी निवडीचं पत्र आलं. न्यायाधीश बाईंच्या कार्यालयातली जागा तिला मिळाली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. कॉलेजकडून वर्तणुकीचा दाखला आणावा.

त्याच संध्याकाळी मावशींची मुलगी आमच्या खोलीवर आली. कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. आमच्याहून थोडी मोठी. ती पलंगाच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर धरून.

"तुम्हाला आई वकीलसाहेब म्हणायची," ती तिला म्हणाली. "फार बोलायची तुमच्याबद्दल. एक विचारायचं होतं. साहेब म्हणतात, दाराचं कुणालाच माहीत नव्हतं. आईने पण कधी सांगितलं नाही, म्हणतात. म्हणजे चूक तिचीच, असं निघतंय. तिने खरंच कुणाला सांगितलं नव्हतं?"

पत्र टेबलावर उघडं पडलं होतं. मी ते उलटं करायला हात पुढे केला. तिने माझा हात धरला आणि तिथेच ठेवला.

"मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

मुलीने मान वर केली.

"मी लिहिलं होतं. मग खोडलं. मी स्वतः पाहिलं नव्हतं म्हणून. आणि लिहिलं असतं तर कार्यक्रम रद्द झाला असता म्हणून. दोन्ही."

"आणि आता हे मला सांगताय."

"हो."

"साहेबांसमोर सांगाल?"

"सांगेन."

मुलगी उठली. दारापर्यंत गेली. "आईला वाटायचं, तुम्हाला सांगितलं म्हणजे लिहिलं गेलं," ती म्हणाली, आणि गेली.

चौकशी पुढच्या सोमवारी होती, पाचव्या मजल्यावर, त्याच सभागृहात. लिफ्ट पुन्हा सुरू झाली होती. तिसऱ्या मजल्याच्या दारावर आडवी फळी ठोकली होती, काचांवरच्या सूचना काढल्या होत्या. आम्ही जिन्याने गेलो. तीन जणांची समिती, एक टंकलेखक, भिंतीशी अधीक्षक. मला आत बसू दिलं, कारण सूचना मी लिहिली होती. माझा जबाब दोन मिनिटांत झाला.

तिने सगळं सांगितलं. तारखेसकट. समितीचे अध्यक्ष सौम्य होते. म्हणाले, "मुली, तुला कळतंय ना तू काय सांगते आहेस? महाविद्यालयाला माहीत नव्हतं. तुला होतं. समन्वयक तू होतीस."

"हो सर. नोंदवा."

"तुझी निवड झाली आहे असं कळतं. दाखला आम्हाला याच नोंदीवरून द्यावा लागेल."

"हो सर. आणि पुढे हेही नोंदवा. जास्त तक्रार केली तर लिफ्ट बंद आणि कार्यक्रम रद्द, असं मला अधीक्षकांनी सांगितलं होतं. जेवढं आहे तेवढंच लेखी द्या, असं म्हणाले."

"मी असं कधी म्हणालो?" अधीक्षक म्हणाले. "कुणी ऐकलं?"

मी उभी राहिले. "मी ऐकलं," मी म्हटलं. "मी शेजारी होते."

टंकलेखकाने माझा जबाब परत उघडला. ती त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तो टंकत असलेली प्रत्येक ओळ वाचत राहिली. दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पुढची तारीख गुरुवार दिली.

मावशींची मुलगी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती. कारखान्यातून तशीच आली होती, बाहीवर दोऱ्याचे तुकडे.

"काय म्हणाले?"

"गुरुवारी परत बोलावलंय. तुम्हालाही."

"मी काय सांगणार? मी तर कधी इथे आलेच नव्हते."

"आई घरी येऊन काय बोलायची, ते सांगा."

"ते ऐकीव झालं ना? तुमच्यात ते चालत नाही म्हणे."

ती तिच्या शेजारी पायरीवर बसली. "तुम्ही सांगा. मी लिहून घेते. चालवायचं कसं ते बघू."

मुलीने डोळे पुसले. "तशी रोज काहीतरी बोलायचीच. पाय दुखतात, कप फुटले. दाराचं म्हणाल तर, तिसऱ्याला फडकं बांधलंय म्हणायची. आणि दुसऱ्याला पण बांधायला हवं. ते कधीतरीच उघडतं, पण उघडतं. तिकडे पोरींचा वर्ग असतो ना, म्हणून तिला धाकधूक..."

खाली कुठेतरी तास संपल्याची घंटा झाली. पावलांचा आवाज, हसणं, कुणीतरी कुणाला हाक मारली. लिफ्टचा दोर करकरला. लिफ्ट आमच्या बाजूने वर गेली, पाचव्याकडे.

ती उठली. वही पायरीवर पडली. ती जिना धावत उतरायला लागली, दोन-दोन पायऱ्या, आणि मी तिच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर पहिल्या वर्षाच्या सात-आठ जणी लिफ्टच्या दाराशी उभ्या होत्या. एकीचा हात मुठीवर होता आणि मान मागे वळलेली, मैत्रिणीशी बोलत. ती त्यांच्यामधून घुसली, त्या मुलीचा हात मुठीवरून काढला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पोहोचताई, काय झालं?"

तिला धाप लागली होती. "जिन्याने जा," ती म्हणाली.

"का? लिफ्ट तर चालू आहे."

"दार उघडतं."

"तुम्ही बघितलंत?"

"नाही," ती म्हणाली. "जिन्याने जा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हसली. कुणी हललं नाही. ती तशीच उभी राहिली, दोन्ही तळवे मागे दारावर दाबून. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.